वंशावळी लिहिणारे गोविंदभाऊ

एटापल्लीच्या आमच्या शाळेत मुलांना खिचडी वाढणं चाललं होतं, तेव्हा गोविंदभाऊंच्या मुलाचा, रमेशचा फोन आला. "ताई, बाबा गेले. सकाळी चहा घेतला अन् भिंतीले टेकले, ते टेकलेच..." हातातला डाव तसाच पातेल्यात ठेवून मी व्हरांड्यात आले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "नात्यातले होते का?" मी हो म्हणून मोकळी झाले. खरं म्हणजे गोविंदभाऊंचं आणि आमचं रक्ताचं नातं नव्हतं. पण ज्या माणसानं मला माझ्या पणजोबांचं नाव मिळवून दिलं, त्याला परका म्हणायला जीभ वळेना. याला आता दीड महिना होत आला.

भाऊंनी उभी नोकरी वैनगंगेच्या काठच्या गावांत टपाल वाटण्यात काढली. आमच्याकडे एखाद्या नातवाला आज्याचं नाव ठेवतात, त्यामुळे एकेका गावात चार-चार सदाशिव. कोणत्या सदाशिवाचं पत्र कोणत्या घरी टाकायचं, यासाठी भाऊ वहीत प्रत्येकाच्या नावामागे बापाचं आणि आज्याचं नाव लिहून ठेवू लागले. पुढे सेवानिवृत्त झाले, टपाल सुटलं, लिहिणं मात्र सुटलं नाही. कोणाची आजी चिमूरकडून आली, कोणतं घराणं तलाव फुटल्यावर नदीकाठी उतरलं, सगळं त्या वह्यांत. मार्कंड्याच्या जत्रेत ते एक पोतं अंथरून बसत, कारण तिथे आजूबाजूची सारी गावं एका जागी सापडत. विकायला काही नाही, नुसती वही पुढ्यात. लोकांना वाटायचं ज्योतिषी बसलाय. कोणी समोर तळहात धरला की भाऊ खेकसत, "हात नको दाखवू बाप्पा, आज्याचं नाव सांग!" स्वभावानं तापट, आणि आपण लिहिलं ते बरोबरच, असा ठाम विश्वास. त्या विश्वासाचा चटका मलाही बसला, आणि तरीही मी त्यांची ऋणी आहे. ते कसं, हेच सांगायचं आहे.

आम्ही ढिवर. तळ्यात जाळं टाकायचं, उन्हाळ्यात मजुरी करायची, असं आमचं घर. त्या घरातून शिक्षिका झालेली मी पहिलीच. नोकरी राखीव जागेवरची, त्यामुळे जात पडताळणीचा दाखला आल्याशिवाय ती पक्की होणार नव्हती. दाखल्यासाठी वंशावळ हवी, आणि वंशावळीतल्याच कोणाची तरी जुन्या कागदावर नोंद हवी. बाबा चार वर्षांचे असताना त्यांचे वडील, धोंडू, वारले. त्यामागचं बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. घरातलं जुनं माणूस एकच उरलं होतं, माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको, आमची थोरली आजी. अक्षय तृतीयेच्या दिवशी ती अंगणात पितरांसाठी एकेक पान मांडत होती, एकेक नाव घेत होती, आणि भाऊ बाजूला बसून ते नाव वहीत उतरवत होते. त्यातून वंशावळ निघाली: भिवा, त्याचा मुलगा धोंडू, त्याचा मुलगा माझे बाबा, मग मी. पुढच्या महिन्यात भाऊंनीच कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, एक नोंद शोधली. 'सखाराम वल्द भिवा, जात ढिवर, मुलगा झाला.' वल्द म्हणजे मुलगा; भिवाचं नाव पाहून मी हरखले. भाऊंनी मान हलवली. "हा दुसरा भिवा असंल. तुमच्या घरात सखाराम कोणी नाई. मी सोता आयकून लिवलं." त्यांनी नाही म्हटल्यावर वाद घालायची कोणाची छाती होती? आम्ही ती नोंद सोडून दिली. दुसरा पुरावा काही मिळेना, आणि पावसाळ्याच्या शेवटी पत्र आलं की महिनाभरात पुरावा द्या, नाहीतर सेवा संपेल. त्या दिवशी मी शाळेतून घरी येईपर्यंत रडत होते.

त्यानंतर आठवडाभरानं भाऊ भर दुपारी सायकल मारत आमच्या दारात आले. घामानं निथळत होते. पाणीही न घेता बाजेवर बसले. मग म्हणाले, "पोरी, मी त्या दिवशी नावं मोजली. पानं मोजलीच नाई." मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. सर्वपित्रीला दुसऱ्या एका गावी एका म्हातारीनं एक पान मुकाट मांडलं. हे कोणाचं, असं भाऊंनी विचारलं, तर शेजारची हसली, "सासऱ्याचं नाव ते कशी घेईन जी?" आणि भाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे बाई नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव घेत नाही. आजेसासरा कधी पाहिलेला नसतो, तो देवांत जमा, त्याचं चालतं. थोरल्या आजीनं भिवाचं पान नाव घेऊन मांडलं होतं, दिराचं, म्हणजे धोंडूचं, नाव घेऊन मांडलं होतं. मधे दोन पानं मुकाट ठेवली होती. एक नवऱ्याचं, आणि दुसरं... ते भाऊंच्या कानांना ऐकूच आलं नव्हतं.

थोरली आजी तेव्हा ओसरीवर जाळं सांधत होती. भाऊंनी विचारलं, "बाई, तुमच्या सासऱ्याचं नाव काय?"

"मी कशी सांगू? मले काय लाज नाई?"

"तुमी नोका सांगू. मी वाचतो, तुमी आयका फक्त."

भाऊंनी पंजीतून उतरवलेली गावची जुनी नावं सावकाश वाचायला घेतली. गणपत. लक्ष्मण. आजीचे हात जाळ्यावर चालत होते. तुकाराम. रघू. सखाराम... आजीचे हात थांबले. तिनं पदर कपाळावर ओढला आणि मान खाली घातली. भाऊंनी वही मिटली, ते नाव तिला पुन्हा ऐकवलं नाही. उंबऱ्यात बसलेल्या बाबांनी मात्र आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आज्याचं नाव उच्चारलं, "सखाराम..." आजी पदराआडून म्हणाली, "हळू बोल बाप्पा, आयकतील ते." आम्ही हसलो, आणि बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बाकीचं कागदी काम होतं, तेही भाऊंनी अंगावर घेतलं. आजीचा अंगठा घेऊन प्रतिज्ञापत्र केलं, आणि सुनावणीला माझ्यासोबत येऊन अधिकाऱ्यांसमोर उभे राहिले. "साहेब, वंशावळीत चूक माही हाये, पोरीची नाई," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. इतक्या हट्टी माणसाला ते वाक्य किती जड गेलं असेल, हे मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलं. दाखला आला, नोकरी टिकली, माझ्या दोन्ही बहिणींची शिक्षणं त्याच नोकरीवर झाली. मी पेढे घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "पेढे राहू दे. तुह्या मायकडच्या आज्या सांग." त्यानंतर त्यांची रीतच बदलली. कोणत्याही घरी गेले की आधी सैपाकघराच्या दाराशी बसत आणि बायांना विचारत. जुन्या वह्याही पुन्हा काढल्या आणि गावोगाव फिरून प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं नाव आणि माहेर लिहीत गेले.

तेरवीनंतर मी त्यांच्या घरी गेले. रमेशनं पत्र्याची पेटी उघडून दिली, "ताई, वह्या तूच पाह्य. मले काई समजत नाई." मी पानं उलटत गेले. आमच्या घराचं पान सापडलं. 'भिवा'च्या खाली बारीक अक्षरात सखाराम घुसवला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'हे मी चुकलो.' मग त्यांच्या स्वतःच्या घराचं पान आलं. सहा पिढ्यांचे पुरुष, त्यांच्या बाया, बायांची माहेरं. शेवटी गोविंद, आणि त्यांच्या नावाशेजारी कोरी जागा. मी दोनदा पाहिलं. मग पार्वताबाईंना, भाऊंच्या बायकोला, हाक मारून ते पान दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून काय राहिलं ते सांगितलं.

त्या आधी हसल्या. "साऱ्या मुलकाच्या बायायले विचारत फिरले. मले कधी विचारलंच नाई व त्यायनं. वाटलं असंल, हे कुठी जाते!" मग हसता हसता रडू लागल्या. मला भाऊंचा राग आला, आणि त्याच क्षणी त्यांची फार आठवणही आली. मी पेनाचं टोपण काढलं. "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

पार्वताबाईंनी डोळे पुसले, पाट ओढला आणि माझ्यासमोर बसल्या. माहेरचं गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, आईच्या आईचं, तिच्या आईचंही. नदीच्या कोणत्या बाजूनं कोण आलं, कोणाला किती लेकी, कोणती कुठे दिली, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आणि माझा हात मागे पडू लागला. कोरी जागा केव्हाच संपली होती. मी पान उलटणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब व माय. माह्या आजीची सवत राह्यली. तिलेबी लिव."