लाल कोणतं, हिरवं कोणतं

पेपरात दाबून वाळवलेल्या झाडांचा वास आला की लातूरच्या कॉलेजातली ती प्रॅक्टिकल परीक्षा आठवते. उदगीरच्या माळावरून मी दवबिंदूची, म्हणजे चिकट पानांनी किडे धरणारी, दोन रोपं आणली होती. उन्हातलं लाल, खडकाच्या सावलीतलं हिरवं. वाळवून कागदांवर चिकटवली अन् खाली रंगावरून दोन वेगळ्या जाती लिहिल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी नावं झाकून कागदांची अदलाबदल केली. “आता लाल कोणतं, दाखवा.” दोन्ही सारखीच तपकिरी. “वाळल्यावर रंगच न्हाई राहिला, मॅडम.” “मग दोन जाती ठरवल्या कुणी?” आमचे सर शेजारी मान खाली घालून उभे होते, दोन जाती लिही म्हणून सांगितलं होतं त्यांनीच. “मीच,” मी म्हणालो. आता परीक्षक म्हणून मीही नावं झाकतो, पण बघतो ते पोराकडं न्हाई, शेजारच्या सरांकडं.