तीन टिंबं

पूल खेळणाऱ्यांत तिला सगळे काठीवाली म्हणत. पन्नाशीची, जाड चष्म्याची, नखांत कायम लाकडाचं पॉलिश अडकलेलं. बाजाराच्या टोकाला तिची एका खिडकीची खोली होती. तिथे ती क्यूंची, म्हणजे टेबलावरचे चेंडू मारायच्या लाकडी काठ्यांची, झिजलेली चामडी टोकं बदलून द्यायची. शिवाय तिच्या वडिलांच्या हातची म्हणून कुणी क्यू आणली, तर ती खरी की खोटी हे सांगायची. वडिलांनी उभ्या जन्मात जेमतेम दोनशे क्यू केल्या होत्या आणि आता संग्राहक त्या काचेच्या कपाटात ठेवत.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा काका आला आणि 'दादाला धुळीचा त्रास नको' म्हणत लेथ, सगळे नमुने आणि वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड उचलून घेऊन गेला. वडील गेल्यावर त्यांच्या सहीच्या नव्या नव्या क्यू बाजारात यायला लागल्या. मेल्यावर इतका कामाला लागलेला माणूस दुसरा झाला नसेल. वाळलेलं लाकूड संपल्यावर काकाने ओल्यावर भागवलं. त्या क्यू वर्षभरात वाकायच्या आणि लोक म्हणायचे, "शेवटी शेवटी म्हाताऱ्याचा हात गेला होता." चोरी तिने एक वेळ पचवली असती. हे वाक्य तिला पचलं नाही. पण खोटी क्यू पकडली की काका कानांवर हात ठेवायचा: मीही कुणाकडून तरीच घेतली, मीही फसलो.

एक दिवस तोच बिस्किटांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला.

"पोरी, तू ओळखतेस तरी कशी गं?"

तिने आधी चहा टाकला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाला सांगू नका, काका. बुडाचं रबर काढलं की आत बाबांनी सुईने टोचलेली तीन टिंबं असतात."

असलं काही नव्हतंच. काका अर्धा कप तसाच टाकून उठला, त्याला एकदम काम आठवलं. टिंबांची ही थाप आपण एकट्या काकाला मारली आहे, असं तिने तारखेसह कागदावर लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि सगळ्यात मोठ्या संग्राहकाकडे ठेवायला दिलं.

मग ती वर्षभर थांबली. वाट बघण्यातही सुख असतं हे तिला त्या वर्षी कळलं.

त्या संग्राहकाने काकाकडून सात क्यू घेतल्या आणि तपासणीला तिला बोलावलं. काकाही आला. या सातही दादाने आपल्या हातात दिल्या, असं त्याने चारचौघांत सांगितलं. या लोकांचा एक नियम होता: खोटी ठरलेली क्यू तिथल्या तिथे करवतीने कापायची. करवत टेबलावर होतीच.

तिने सहा रबरं काढली. सहांतही तीन टिंबं. काका मिशीत हसत होता. "आता पाकीट फोडा," ती म्हणाली. संग्राहकाने कागद मोठ्याने वाचला आणि काकाचं तोंड उतरलं.

मग तिने सातवी उचलली आणि तिचा अंगठा एका जागी थांबला. मुठीवर जडवलेल्या चार काळ्या लाकडी पात्यांपैकी एक केसभर उंच होतं. एक डोळा अधू झाल्यावर बाबांचं एवढंच चुकायचं, आणि ते फक्त अंगठ्याला कळायचं. ही त्यांची शेवटची क्यू, सामानाबरोबर काकाने नेलेली. हिला तिने स्वतः पॉलिश चोळलं होतं. तिने रबर काढलं: कुणाला शंका नको म्हणून काकाने हिलाही टिंबं टोचली होती.

"ही दादाचीच आहे," काका कळवळून म्हणाला. "तुला माहीत आहे. एवढी तरी खरी म्हण."

तिने ती खरी म्हटली असती, तर टिंबंही खरी असतील अशी शंका उरली असती. त्या शंकेच्या आधाराने काका उद्या पुन्हा उभा राहिला असता.

"सातही खोट्या," ती म्हणाली आणि करवत स्वतःच घेतली.

सहा क्यू पटापट तुटल्या. सातवीला वेळ लागला, बाबांचं लाकूड घट्ट होतं. काका तोंड झाकून रडत होता. त्याचं रडणं बघायला ती वर्षभर थांबली होती. पण लाकडात दाते सारखे अडकत होते, म्हणून सगळा वेळ तिला करवतीकडेच बघावं लागलं.