दीड भरतीचं पुस्तक

“बाई, हे दीड भरतीचं निघालं.”

पुस्तक टेबलावर ठेवण्याआधी ते गृहस्थ दोन्ही तळवे शर्टाला पुसत, मग पुस्तक दोन्ही हातांनी पुढे सरकवत आणि हे वाक्य म्हणत. कधी एका भरतीचं, कधी अर्ध्याच. पेणच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. पुस्तकांची पानं, किंमत, आवृत्ती सगळं माझ्या रजिस्टरात होतं, पण हे माप तिथं नव्हतं.

ते धरमतरच्या खाडीत मालवाहू बार्जवर सारंग होते, म्हणजे बार्ज चालवणारे. पाणी उतरलं की बार्ज चिखलावर बसते आणि पुन्हा पाणी चढेपर्यंत कोणाला काही काम नसतं. खलाशी झोपतात, पत्ते खेळतात. हे वाचत बसत. पुढची भरती येईपर्यंत संपलं, तर ते एका भरतीचं पुस्तक. भरती आल्यावरही सुकाणूवरून ज्या पुस्तकाकडे लक्ष जात राहिलं, ते दीड भरतीचं. ही त्यांच्याकडची सर्वांत वरची पदवी.

तुमच्या वाचनालयातही असा एखादा वाचक असेल. तो समीक्षा वाचत नाही, लेखकाच्या नावाला दबत नाही आणि पुस्तक परत करताना दोन वाक्यांत निकाल देतो. मी नवीन पुस्तकांची यादी करायला बसले की आधी त्यांचे निकाल आठवायचे. समितीला हे कधी सांगितलं नाही.

“ह्यातली नायिका एका पत्रासाठी चार पानं रडली, बाई. तेवढ्यात आमची बार्ज रेवसला पोचली असती.”

“मग आवडलं नाही?”

“तसं नाय. पाचव्या पानावर मीपन रडलो. पन चार पानं उशीर झाला ना.”

रहस्यकथा त्यांना कमी पुरत. “खुनी तिसऱ्या प्रकरनातच गावला. त्या डिटेक्टिवला नाय, मला. गडी घरी आला, चहा प्याला, आन् कप स्वतः धुवून ठेवला. पाव्हना कधी कप धुतो का हो?”

रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईंना तेच पुस्तक हवं होतं. त्या म्हणाल्या, “अहो, सगळं सांगून टाकलंत!”

“सॉरी हां. पन त्याचं कारन नाय सांगितलं. ते लई वाईट हाय, तुमी वाचाच.” बाई पुस्तक घेऊन गेल्या.

ते वाचक कसे झाले, तेही सांगायला हवं. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात पाच महिने उशिरा आणलेलं पुस्तक होतं. त्यांच्या धाकट्या भावाच्या नावावरचं. “भाऊ नाय आता,” ते म्हणाले. “पुस्तक हाय. अर्ध्यात पान मुडपलेलं, तिथनं पुढं मी वाचलं. आता ह्याच्यापुढचं द्या.” मी म्हटलं, ह्याच्यापुढचं असं काही नसतं, गोष्ट संपली. ते म्हणाले, “मग दुसरी द्या.” मी भावाच्या नावापुढे ‘सभासद मृत, पुस्तक जमा’ असं लिहिलं आणि त्यांचं नवं कार्ड केलं. भाऊ कसा गेला, हा रकाना आमच्या रजिस्टरात नाही. मी विचारलं नाही. रांगेत माणसं होती.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं ते येत राहिले.

मग ती खाडीवरची कादंबरी आली. मुंबईचे लेखक, नाव गाजलेलं. आम्ही तीन प्रती घेतल्या, त्या महिनाभर कपाटात टेकल्या नाहीत. कथेत दोन भाऊ आहेत, दोघे बार्जवर. ओहोटीला धाकटा चिखलात उतरतो आणि रुततो. थोरला बार्जवर दोर धरून उभा राहतो, उडी मारत नाही, कारण धाकटा गेला तर जमीन त्याची होणार असते. शेवटी गाव त्याच्या तोंडावर थुंकतं. लोक पुस्तक परत करताना त्या थोरल्याला शिव्या घालत होते. मीही घालत होते. पुस्तक फिरत होतं आणि मला बरं वाटत होतं.

ते आले तेव्हा मी प्रत बाजूला काढून ठेवली होती. “घ्या, तुमच्या खाडीवरचीच आहे. पण सांगून ठेवते, त्या थोरल्या भावाला चपलेनं मारावंसं वाटेल.”

“येवढा वाईट हाय?”

“वाचा तर.”

एरवी आठवड्यात परत येणारा माणूस या वेळी तीन आठवड्यांनी आला. तळवे पुसले नाहीत. पुस्तक एका हातानं ठेवलं.

“किती भरतीचं?” मी हसून विचारलं.

“मोजलं नाय.” मग रांग संपेपर्यंत ते वर्तमानपत्रांच्या टेबलाशी उभे राहिले आणि सगळे गेल्यावर पुन्हा आले. “बाई, लिवनाऱ्यानं खाडी पाहिली नाय. त्या चिखलाच्या रेंद्यात उडी नाय मारत. मारनारा त्याच्याशेजारी कमरेवर रुततो, मंग दोघंपन जातात. फळी टाकायची असते. लांब फळी, तिच्यावर पालथं पडून जायचं.”

“कादंबरीत थोडं इकडंतिकडं चालतं,” मी म्हटलं.

“आमच्याकडं फळी नव्हती.”

मला कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात ते पुढे बोलू लागले होते, नेहमीच्याच आवाजात, पुस्तकाचा निकाल सांगावा तसे. धाकटा अडकलेला दोर सोडवायला उतरला होता. यांनी दोर टाकला, तो त्यानं काखेत बांधला. चार जणांनी ओढलं. चिखल सोडत नव्हता. जेट्टीवर फळी आणायला माणूस धाडला. “दीड तास माझ्याशी बोलत होता. पुस्तकाचं काय ते बोलला, परत करायची तारीख गेली म्हनून. मंग पानी चढाया लागलं. भरती थांबते व्हय, बाई?”

मी रजिस्टर मिटलं. कपाटावरच्या तीन प्रतींपैकी दोन बाहेर होत्या, एक आमच्या मध्ये टेबलावर.

“लेखक येनार हायत ना, रोह्याला? वाचक मेळाव्याला?”

“हो. पुढच्या महिन्यात. रोह्याच्या पुलापलीकडं, अष्टमी गावात, शाळेच्या हॉलमध्ये.”

“वाचक बोलतात ना तिथं? मला तीन मिनटं द्या. भांडनार नाय. दोर धरून उभा ऱ्हानारा त्याला मारायला उभा नव्हता, येवढंच सांगनार.”

मेळावा पेण आणि रोहा मिळून होता आणि कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. सात वाचक बोलणार होते. मी त्यांचं नाव चौथ्या क्रमांकावर लिहिलं. त्यांनी वही उलट्या बाजूनं वाचली, बोट ठेवलं आणि म्हणाले, “चार. बरं.”

आमच्या अध्यक्षांनी यादी पाहिली. सज्जन माणूस, वाचनालयासाठी खूप धावलेला. “सारंग काय बोलणार? पाहुण्यांना ओहोटी शिकवणार?” मी कारण सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, “वाईटच झालं हो. पण पाहुण्यांना मंचावर बोलावून असं तोंडावर ऐकवायचं का? नाव कापू नका. शेवटी ठेवा. वेळ उरला तर बोलतील.”

वेळ उरणार नव्हता. ते मला पक्कं माहीत होतं, कारण वेळापत्रक मीच केलं होतं. पाहुण्यांना संध्याकाळी मुंबईला परतायचं होतं आणि मी त्याआधी सत्कार, दीपप्रज्वलन, आभार यांना मिनिटं मोजून दिली होती. मी चौथ्यावरून नाव सातव्यावर नेलं. खोडलं नाही. नंतर खूप दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, की खोडलं नाही.

मेळाव्याला आम्ही पेणहून एकाच एसटीनं गेलो. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा दिसत होत्या. नागोठण्यापर्यंत ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. मग म्हणाले, “आज भरती सोडून आलो, बाई. दुसऱ्याला बसवलंय सुकाणूवर.”

“पहिल्यांदाच?”

“भावाच्या दिवसालापन नव्हती सोडली.”

निडीच्या फाट्याशी त्यांनी मला त्यांची तीन मिनिटं हळू आवाजात म्हणून दाखवली. घड्याळ माझ्या हातात होतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. “वीस सेकंद उरतात,” मी म्हटलं.

“ती ऱ्हाऊ दे. गळा भरला तर लागतील.”

यादी बदलल्याचं मला तेव्हा सांगता आलं असतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

हॉल भरला होता. पहिल्या वाचकानं नऊ मिनिटं घेतली. चौथं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते तिसऱ्या रांगेत अर्धे उठले होते. नाव रोह्याच्या एका शिक्षिकेचं होतं. ते बसले. त्या बाईंनी थोरल्या भावाबद्दल लेखकाचं अभिनंदन केलं, इतका हुबेहूब खलनायक हल्ली कोणी रंगवत नाही म्हणाल्या. टाळ्या पडल्या. सारंग खाली मान घालून होते. पाचव्यानंतर अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे, आणि आभार सुरू झाले.

लोक सह्या घ्यायला धावले. मी सारंगांकडे गेले.

“वेळच संपला हो.”

“व्हय. दिसलं.” ते उठून शर्ट खाली ओढत होते. “यादी कुनी केली होती?”

“मी.”

“मंग बरोबर आसंल.”

ते रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. त्यांनी ते खरंच मान्य केलं होतं, अकरा वर्षं माझ्या याद्या पाहिलेल्या माणसानं करावं तसं. मी त्यांना कुंडलिकेच्या पुलावरून रोह्याच्या एसटी स्टँडकडे जाताना पाहिलं. मध्यावर ते थांबले, कठड्यावरून खाली पाण्याकडे पाहिलं, बहुधा सवयीनं, चढतंय की उतरतंय ते. मी मागे गेले नाही. मला खुर्च्या मोजून शाळेला परत करायच्या होत्या.

महिन्याभरानं एका खलाशानं त्यांचं कार्ड आणून दिलं. निरोप काही नव्हता.

पावसाळ्यानंतर मी तीन पुस्तकं पिशवीत घालून धरमतरला गेले. ओहोटी होती. अकरा वर्षं मी भरती-ओहोटीचे निकाल ऐकत होते आणि तो चिखल त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. काळा, चकाकता, बघायला अगदी मऊ. कार्ड आणून देणारा खलाशी तिथंच होता. “सारंग गेले, बाई. सुरतेकडं, तिकडच्या कंपनीत. पत्ता नाय ठेवला.” बार्जच्या कडेला एक लांब फळी दोरानं बांधलेली होती, दोन्ही टोकांना पकडायला खाचा. मी तिच्याकडे पाहत असल्याचं त्यानं पाहिलं. “ती त्यांची. हितल्या दर बार्जवर एक बसवून दिली त्यांनी. आमी कपडे वाळत घालायला काढली, तर लई बोलले होते.”

पुस्तकं मी परत आणली.

ती कादंबरी अजून फिरते. एक प्रत फाटली, तिच्या जागी नवी घ्यावी लागली. परवा एक तरुण मुलगी ती परत करायला आली. डोळे लाल होते. “कसला भाऊ हो तो, मॅडम! उडी मारायला काय जात होतं त्याचं?”

“चिखलात उडी मारत नाहीत,” मी म्हटलं. “फळी टाकतात.”

ती गोंधळली. पुस्तक पुन्हा उघडून तिनं ती पानं चाळली, नीट, बोट फिरवत. “फळी कुठंच नाहीये इथं.”

“नाही,” मी म्हटलं आणि पुस्तक जमा केलं.