जोडापाशी उभी इंदूकाकू

भोरच्या मोटारीचा ड्रायव्हर शिवरे गावातल्या आमच्या शाळेसमोर गाडी थांबवून म्हणाला, "मास्तर, निघा लगीच. अण्णांच्या घरी वंगाळ झालं." दर थंडीत आजारी पडून सगळ्यांचा निरोप घ्यायची अण्णाकाकांची रीत होती, म्हणून वाटभर मी त्यांच्यासाठी डोळे पुसले. भोरला दार उघडलं ते काकांनीच! मी ओरडलो म्हणे. काका म्हणाले, "मी नाही रे... ती." महिना उलटून गेला, तरी इंदूकाकू गेली हे माझ्या डोक्यात अजून नीट बसलेलं नाही.

काका कचेरीत कारकून, पण जीव कॅमेऱ्यात, आणि तोही एका फोटोत न मावणाऱ्या देखाव्यांत. तिवईवर कॅमेरा थोडाथोडा फिरवून डोंगररांगेचे तुकडे काचेच्या प्लेटींवर घ्यायचे, मग घरी छापून, कापून, एकाशेजारी एक चिकटवून लांबच लांब चित्र करायचं. शेजारच्या दोन तुकड्यांत एक सारखी खूण असली की जोड जमतो. हिर्डोशीच्या माळावर गवताखेरीज खूण कुठली? म्हणून काकू. दोन्ही तुकड्यांत येईल अशा जागी ती उभी राहायची, मग पुढच्या जोडाकडं चालू लागायची. घरी काका नेमकी तिच्या अंगावरून कात्री चालवायचे... अर्धी काकू या तुकड्यातली, अर्धी त्या.

"हलू नकोस!" काका ओरडायचे.

"मुंगी चावली तरी?"

"तरी!"

"मग मुंगीलाच उभी करा, ती कमी बोलते."

आणि हसायची, म्हणजे हलायचीच. त्यामुळं प्रत्येक जोडावर काकूचे दोन अर्धे एकमेकांवर रुसल्यासारखे. जोड दिसता कामा नये, एवढीच काकांची आयुष्यभराची इच्छा. ती काही पुरी झाली नाही.

तेराव्याला हार घालायला फोटो शोधला, तर फोटोवेड्याच्या घरात बायकोचा अख्खा फोटो एकही नाही! जुन्या प्लेटींवरून छापावा म्हटलं, तर त्या काकूनंच सोड्याच्या पाण्यात खसाखसा घासून, चित्रासकट स्वच्छ करून, स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दारांना बसवून घेतलेल्या. शेवटी भिंतीवरच्या डोंगररांगेलाच हार घातला. हिर्डोशीहून तूप घेऊन येणाऱ्या ठकूबाईनं त्या डोंगरांना हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "मास्तर, काकी कुठं हाईत ह्यात?" मी एकेका जोडावर बोट ठेवत गेलो. "आन ह्यातली खरी कंची?" शाळेत मी उत्तर येत नसलं की पोरांवरच खेकसतो. इथं हार नीट करू लागलो.

काकांनाही तीच खरी काकू शोधायची होती. भिंग घेऊन ते चित्रापुढं बसायचे. "डावा डोळा इथला, उजवा तिथला... नजर जुळत नाही रे. मला ती हलताना आठवते. थांबलेली आठवतच नाही." मग एके सकाळी म्हणाले, "चल हिर्डोशीला. तिथून पाहिलं की आठवेल." युद्धामुळं प्लेटी मिळत नव्हत्या, जपून ठेवलेली शेवटची पेटी त्यांनी काढली, आणि काकूच्या जागी मी उभा राहिलो. माझ्यामागं निम्मा डोंगर झाकला गेला हे खरं. पण वर्गापुढं खांबासारखं उभं राहण्यात माझी हयात गेलेली. मुंगी चावली, तरी हललो नाही.

छापून, कापून चिकटवलं आणि काय सांगू, जोड बेमालूम! मी फुगून म्हणालो, "काका, शोधून दाखवा!" त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं.

"जोड कुठं आहे तेच कळत नाही," ते म्हणाले, तक्रार केल्यासारखं.

"मग झालं की!"

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

ते चित्र गुंडाळून फडताळात गेलं. परवाच्या रविवारी गेलो, तर काका जुन्याच चित्रापुढं. हार पार वाळलेला. त्यांचं बोट डोंगरावरून सावकाश सरकत होतं. पहिल्या जोडापाशी अडलं.

"इथं हलली," ते म्हणाले. बोट पुढं सरकलं, परत अडलं. "ही बघ, इथंही हलली."