तांब्याभर नव्हे, मोहरीएवढं

पुण्याचे डॉक्टर चावडीवर आलेत, तापकऱ्यांचं रक्त घेऊन त्यात तापाचे किडे बघणार आहेत, अशी दवंडी आली आणि मी घरातला पितळी तांब्या घासायला घेतला. आमच्या मुळशीकडे काहीही द्यायचं-घ्यायचं तर भांडं घरचं न्यायचं, ही रीत. रक्ताची रीत वेगळी असते हे मला कोण सांगणार?

सात वर्षांच्या माझ्या लेकीला मात्र त्या तांब्याचा अर्थ लगेच कळला. दहा दिवस तिला एक दिवसाआड ताप येत होता. भर दुपारी चार गोधड्या टाकल्या तरी हुडहुडी थांबत नसे. वरच्या आळीतली तिची मैत्रीण अशाच तापानं गेलेली. वाटभर ती तांब्याकडे बघत राहिली आणि चावडी दिसताच हात सोडवून डॉक्टरांच्या बैलगाडीखाली शिरली.

"न्हाई देनार! तांब्याभर न्हाई देनार!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तापाची पाळी होती, आणि डॉक्टर तर तासाभरात पुढच्या गावी निघणार होते. मी तांब्या तसाच डॉक्टरांपुढं धरला.

डॉक्टरांनी तांब्यात डोकावून पाहिलं. "अहो राव, सगळ्या गावाचं मिळून याचा तळ भिजायचा नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात ना? तसं हे."

मग मी माझंच बोट पुढं केलं. थेंब काचेवर पसरला, रंगात बुडाला, वाळला, बारीक वस्तू मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राखाली गेला. मी डोळा लावला आणि ओरडलो, "भाकऱ्या! नुसत्या गुलाबी भाकऱ्या!"

भाकऱ्या म्हटल्यावर लेक चाकामागून बाहेर आली. तिनंही डोळा लावला.

"याला पेशी म्हणतात," डॉक्टर तिला म्हणाले. "मोहरीच्या एका दाण्यावर अशा दीडशे तरी ओळीनं मावतील."

"आन तापाचं किडं?"

"ते याहून बारीक. पेशीच्या पोटातच राहतात. ही भाकरी धरली, तर किडा तुझ्या बांगडीएवढा."

तिनं मनगटातली बांगडी फिरवून फिरवून पाहिली. मग एक बोट पुढं आलं. "मोहरीयेवडंच हां."

डॉक्टर तिची काच बघू लागले. काच केसभर सरके, थांबे, पुन्हा सरके. मी देवाला काय मागावं? किडा नसू दे म्हणावं, तर ताप कसला ते कळायचं नाही नि औषधही मिळायचं नाही. असू दे म्हणावं, तर तो माझ्याच पोरीच्या रक्तात. मी दोन्ही मागून ठेवलं.

"सापडला!"

गुलाबी भाकरीत निळी बांगडी, तिच्या कडेला कुंकवाचा ठिपका. इतकी देखणी वस्तू पोरीच्या जिवावर उठलेली. बघून भीती गेली नाही, वाढलीच. वाघ असता तर काठी तरी उगारली असती.

डॉक्टरांनी क्विनाईन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो. थोडी थंडी वाजलीच. पुढच्या पाळीला नाही वाजली. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसून, मोहरीचा दाणा तळहातावर घेऊन, बायकोला चौथ्यांदा सगळी मापं समजावू लागलो.

ती तवा उतरवत म्हणाली, "पुरं झालं जोखनं. पोरीनं आज अख्खी भाकर खाल्ली, मला तेवडंच माप कळतंय. तुमी त्यो तांब्या जागंवर ठिवा, आन पान्यालाच वापरा."