कपावरचं नाव

गोरखपूरच्या बाजारात तो भांड्यांवर नावं घालायचा. ठोकताना जीभ दातांत धरायची त्याची सवय. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉल खेळाडूचा कपही त्याच्याकडेच यायचा, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, घालायच्या नावासकट. नाव नेहमी पलटणीतल्या गोऱ्याचं.

"सामना पाहायला चलता का?" मी एकदा विचारलं.

"काहून येऊ, भैया? मले माहीत असते."

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्याचा अनवाणी खेळाडू सगळ्यांना पुरून उरला. शेवटी एका बुटानं त्याची नडगी फुटली, जखम चिघळली आणि तो गेला. तेरवीला वाटायच्या लोट्यांवर नाव घालायला त्याची आई आली.

"पाय मोडला नसता तर कप त्यालेच भेटला असता ना, जी?"

"त्यालेच, माय," तो म्हणाला, आणि जीभ दातांत धरून ठोकायला लागला.