फोडांचं फुफ्फुस

आज शेजारच्या असानकुलच्या चाळिसाव्याचं जेवण झालं, त्याला जाऊन चाळीस दिवस झाले. नमाज पढून झाल्यावर लिहायला बसलेय, पण मन काही शांत झालेलं नाही.

असानकुलची थोरली बहीण उमसुनाय; आम्ही सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणतो. आमच्या अतबाशीच्या वस्तीत कोणाच्याही मयताला मेंढी कापली की आतडी-फुफ्फुसं तिच्यापुढे यायची. फुफ्फुस फुंकून, त्यात दूध भरून ती असं शिजवायची की म्हातारी माणसं आधी तेच मागायची. पाण्याचे फोड असलेलं फुफ्फुस निघालं, तर त्यात दूध ठरत नाही. ते जायचं कुत्र्याला. तीही आयुष्यभर तसंच टाकत आली.

मग एकदा अंगणात नुसता पाय घसरला नि तिचं खुब्याचं हाड मोडलं. बिश्केकच्या डॉक्टरांना हाडात तसलेच फोड सापडले, बारीक, फटीफटीत शिरलेले. ते म्हणाले, "असलं फुफ्फुस खाल्लं की कुत्र्याच्या पोटात किडे होतात. त्यांची अंडी विष्ठेतून कुत्र्याच्या केसांना लागतात, तिथून आपल्या तोंडात. फुफ्फुसं पुरत जा." हाड खरवडलं, तरी सगळं निघालं नाही.

कुबड्या घेऊन परतल्यापासून एजे हेच घरोघर सांगत होती. लोकांनी त्यातून एवढंच घेतलं, की हिच्या हाताला रोग आहे.

आज ती बाह्या सरसावून परातीजवळ बसली. तिची भावजय, असानकुलची बायको गुलजान हळूच म्हणाली, "एजे, तुम्ही आत बसा."

"सख्ख्या भावाच्या चाळिसाव्याला मी आत बसू?"

"तुम्ही भरलंत तर खाणार कोण?"

तेवढ्यात मेंढ्या सोलणाऱ्या तोकोननं फोडांचं फुफ्फुस कुत्र्याकडे भिरकावायला उचललं.

"टाकू नकोस रे. पुर ते."

"जमीन गोठलीय, एजे. कुबडीनं खणून देताय का?"

बायका हसल्या. गुलजान म्हणाली, "देऊन टाक त्यांना. त्यांचंच आहे ते."

एजेनं बादली घेतली. गोठ्यामागे, शेणाच्या ढिगाच्या उबेनं जमीन जरा मऊ असते, तिथं ती कुबडीवर रेलून फावड्यानं खणत राहिली. वर दगड ठेवून परत आली, तोवर दुसऱ्या मेंढीचं फुफ्फुस कुत्र्यानं संपवलं होतं. तेही फोडांचंच.

"फार वेळ लावलात, एजे," तोकोन म्हणाला.

ती तशीच घरी गेली. भावासाठी दुआ मागितली तेव्हा आमच्यात ती नव्हती, आणि गुलजानही तिला बोलवा म्हणाली नाही.